गायिकेनं न म्हटलेलं वाक्य

ऑफिसात त्याला सगळे मोजपट्टी म्हणत. संगीताच्या एका मासिकात पानं लावायचं त्याचं काम. कुठल्या गायकाचं डोकं कुठे संपणार आणि त्याची बडबड कुठून सुरू होणार, हे तो ठरवायचा. संगणक सगळं आपोआप मोजून देत असतानाही खिशात स्टीलची पट्टी बाळगायचा आणि छापून आलेल्या पानावर ती ठेवून बघायचा, जसा काही संगणक त्याला फसवायलाच जन्माला आला होता. संगीताशी त्याचं नातं एवढंच, की कुठल्या वादकाचे केस किती जागा खातात हे त्याला पाठ होतं. गाणं ऐकायच्या भानगडीत तो पडत नसे.

"कानाचं काम मला जमत नाही," असं तो हसत सांगायचा.

हे त्याच्या बायकोला जेवढं पटलं होतं तेवढं कुणालाच नाही. ती बस डेपोत घोषणा करायची. काचेच्या खोलीत बसून माइकचं बटण दाबलं, की अख्खा डेपो कान टवकारायचा. रमतगमत चाललेल्या माणसाला ती एका वाक्यात पळवायची, पळणाऱ्याला एका शब्दात थांबवायची. घरी मात्र स्वयंपाकघरात धूर बाहेर फेकणारा पंखा होता. तो असा खडखडायचा, की ओट्यापाशी बोललेलं दोन पावलांवरच्या टेबलापर्यंत पोचत नसे. निदान टेबलाशी बसलेला माणूस तसं म्हणायचा.

"अहो, पंख्याचं बघा."

"हं."

"हं म्हणजे?"

"बघतो म्हटलं."

"म्हटलं नाहीत. हं केलंत."

आता मोजपट्टीची कामाची एक स्वतःची रीत होती. पान लावायला घेतलं आणि मजकूर हातात नसला, तर बाकीचे लोक जागा धरायला काहीबाही टाकतात, कखगघ कखगघ. त्याला ते रुचत नसे. खऱ्या बोलण्याला वजन असतं, पान कसं दिसणार ते त्यावरून कळतं, असं त्याचं म्हणणं. म्हणून सकाळी घरातून निघताना शेवटचं जे कानावर पडलं असेल ते तो टाइप करायचा. भल्याभल्या गिटारवाल्यांच्या तोंडी "छत्री विसरू नका" आणि "गीझर बंद केलात का" अशी वाक्यं तात्पुरती येऊन गेली होती. खरा मजकूर आला की तो ती पुसायचा. थोडक्यात, त्याला घरातलं सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. फक्त हे त्यानं घरी कधी सांगितलं नव्हतं.

तीन-चार महिन्यांमागे चंदेरी बूट घालून गाणाऱ्या एका गायिकेची मुलाखत आली. समोरासमोरची दोन पानं. उजवीकडे तिचा पानभर फोटो, डावीकडे मजकूर, आणि मजकुराच्या डोक्यावर तिच्याच बोलण्यातलं एक वाक्य मोठ्या अक्षरात. ते वाक्य वार्ताहरानं निवडून द्यायचं होतं. वार्ताहर मुलाखत टाकून सुट्टीवर पसार झाला. मोजपट्टीनं जागा धरायला त्या सकाळचं वाक्य टाकलं:

"मी बोलते ते कुणाच्या कानात शिरत नाही. आता मी गप्पच बसते. मग कळेल."

पानाचं कच्चं प्रूफ तपासायला संपादकांच्या टेबलावर गेलं. संपादक चष्मा कपाळावर चढवून खुर्चीतून उठलेच.

"हे ती म्हणाली?"

मोजपट्टीनं खुलासा करायला तोंड उघडलं, तेवढ्यात संपादकांचा हात त्याच्या पाठीवर पडला. "अरे, काय हेरलंस! एवढ्या मोठ्या मुलाखतीतून नेमकं हेच उचललंस. या एका वाक्यानं पान उभं केलंय, पान!"

इतक्या वर्षांच्या नोकरीत पाठीवर पडलेला हा पहिला हात. तोंड उघडलेलं होतंच. त्यातून "थँक्यू सर" बाहेर पडलं.

अंक बाजारात गेला. वार्ताहराला वाटलं, संपादकांनी फोन करून वाक्य मिळवलं असेल. संपादकांना वाटलं, वार्ताहराकडच्या रेकॉर्डिंगमध्ये असेल. गायिका तासन्‌तास बोलली होती, तिला वाटलं आपणच बोललो, आणि झकास बोललो. पुढच्या कार्यक्रमात तिनं ते वाक्य टी-शर्टवर छापून विकायला ठेवलं.

मोजपट्टी मात्र आतल्या आत वाळत चालला. ऑफिसात कळलं तर नोकरीवर गदा येईल. बायकोला कळलं तर काय येईल, ते त्याच्या पट्टीवर मावत नव्हतं. ती मासिक उघडत नसे, हाच काय तो आधार. तो अंक तिनं कपाटाच्या खणात अंथरून टाकला होता.

आणि मग एका संध्याकाळी, बायको दुपारपाळीला असताना, मुलगी कॉलेजातून आली ती तोच अंक नाचवत. मैत्रिणींनी विचारलं की "बाबा छापखान्यात असतात" असं सांगून ही विषय बदलायची. आज दारातूनच ओरडली, "बाबा! हे पान तू लावलंस? खाली मुंगीएवढ्या अक्षरात तुझं नाव आहे!"

"लावलं असेल," तो म्हणाला.

"असेल काय? आमच्या मॅडम या पानावर फिदा आहेत! मला हेच मिळालंय. दोन पानांचं विश्लेषण करायचंय, मांडणीचं आणि भाषेचं. शनिवारी सगळ्यांसमोर."

या मॅडमना कॉलेजात अर्थवाल्या मॅडम म्हणत. खडू मोडला तरी त्यात त्यांना अर्थ दिसे, आणि तो त्या इतक्या रंगवून सांगत, की पुढच्या तासाला पोरं मुद्दाम खडू मोडून ठेवत. मुलीनं त्यांच्याच थाटात वही उघडली आणि बापासमोर मांडी ठोकून बसली.

"गायिका पानाच्या बाहेर बघते आहे. नेहमी चेहरा मजकुराकडे असतो ना? म्हणजे तिनं चौकट नाकारली. बरोबर?"

फोटो उलटा फिरवला असता तर जॅकेटवरची अक्षरं उलटी झाली असती, म्हणून ती बाहेर बघत होती. मोजपट्टीनं मुलीकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत अशी चमक त्यानं याआधी फक्त दुसऱ्यांच्या बापांबद्दल बोलताना पाहिली होती.

"बरोबर," तो म्हणाला.

"डावीकडे खाली एवढी रिकामी जागा. हा तिचा एकटेपणा."

तिथे गाद्यांची जाहिरात होती. गादीवाल्यानं आयत्या वेळी काढून घेतली.

"एकटेपणाच," मोजपट्टी म्हणाला. आणि मग काय झालं कोण जाणे, पुढे आपणहून बोलला, "रिकाम्या जागेलाही बोलू द्यावं लागतं."

"वा! हे लिहून घेते. आणि मथळा पिवळा?"

संपादकांच्या केबिनमधला सोफा पिवळा होता आणि त्यांना तो रंग फार आवडे.

"तू सांग," मोजपट्टी डोळे मिटून म्हणाला.

"धोक्याची सूचना!"

"हुशार आहेस."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्यानं संपादकांनाही ऐकवलं, की रिकाम्या जागेला बोलू द्यावं. "तिला जाहिरात दे, ती जास्त गोड बोलते," संपादक म्हणाले. पण मोजपट्टी आता जमिनीवर नव्हता. रात्री पाठ टेकल्यावर त्याला वाटायला लागलं, की गादीवाला निमित्तमात्र. जागा रिकामी सोडायची हे आपल्या मनात आधीपासून असणार.

शुक्रवारी तो धपकन खाली आला.

"उद्या पालकांनाही बोलावलंय," मुलगी म्हणाली. "आई, तूही ये. बाबाचं पान मोठ्या पडद्यावर दाखवणार आहे."

"तुझी उद्या पाळी असेल ना?" मोजपट्टीनं घाईघाईनं विचारलं.

"बदलून घेतली," बायको म्हणाली. "तुम्हाला कुणीतरी नावाजतंय, ते बघायला नको?"

तो तसाच उठला, चपला घातल्या आणि मेकॅनिकला हाताला धरून घेऊन आला. मेकॅनिकनं पंखा उतरवला, आतला एक खिळखिळा स्क्रू आवळला, परत चढवला. खडखड थांबली. स्वयंपाकघरात एकदम इतकी शांतता झाली, की नळाचा थेंबही आगाऊ वाटायला लागला.

बायको कमरेवर हात ठेवून नवऱ्याकडे बघत राहिली. "काय केलंत तुम्ही?"

"पंखा दुरुस्त केला."

"ते दिसतंय. त्याआधी काय केलंत?"

"काही नाही! माणसानं घरात लक्ष घालू नये का?"

"घालावं की. पण घाम पुसा आधी."

शनिवारी कॉलेजचा वर्ग भरला होता. पडदा लावलेला, पालक मागच्या बाकांवर कसेबसे मावलेले. मुलगी उभी राहिली. चौकट नाकारून झाली, एकटेपणा झाला, धोक्याची सूचना झाली. टाळ्या पडल्या. मोजपट्टी बाकाखाली पट्टी मुठीत धरून बसला होता.

"आता भाषा," मुलगी म्हणाली, आणि पडदाभर ते वाक्य आलं. तिनं ते नाटकातल्यासारखं छातीवर हात ठेवून म्हटलं, "मी बोलते ते कुणाच्या कानात शिरत नाही... आता मी गप्पच बसते... मग कळेल!"

शेजारी बायकोची मान सावकाश वळली. मोजपट्टीनं पडद्यावरची नजर हलवली नाही.

"छान," अर्थवाल्या मॅडम पुढे आल्या. "आता मला सांगा, हे ती कुणाला उद्देशून म्हणते आहे?"

"समाजाला!" एक मुलगा म्हणाला.

"बाजाराला," दुसरी म्हणाली. "कलेचा बाजार मांडणाऱ्यांना."

"स्वतःला?"

मागच्या बाकावरून हात वर झाला. हात आईचा होता.

"नवऱ्याला," आई म्हणाली.

वर्ग फिस्सकन हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांना अर्थाचा वास आला होता. "का वाटतं तुम्हाला तसं?"

"अहो, समाजाशी बोलताना माणूस जरा बरा आवाज काढतो. मी रोज काढते, मला विचारा. एवढं दमलेलं वाक्य घरातच बोललं जातं. म्हणून दाखवू?"

आणि तिनं म्हणून दाखवलं. छातीवर हात नाही, काही नाही. पाठ वळवून कणीक मळता मळता म्हणावं तसं. मुलीनं ते वाक्य आईच्या आवाजात ऐकलं मात्र, तिच्या चेहऱ्यावरचं सगळं विश्लेषण उतरलं. तिनं बापाकडे पाहिलं.

मॅडम हरखून गेल्या होत्या. "काय सुंदर वाचन आहे हे! आणि सुदैवानं ज्यांनी पान लावलं तेही इथेच आहेत. सर, या मुलाखतीत इतकी वाक्यं, मग हेच तुम्ही एवढं मोठं का केलंत?"

सगळा वर्ग मागे वळला. मोजपट्टी उभा राहिला. चौकट, एकटेपणा, काहीतरी भारदस्त बोलावं म्हणून त्यानं शब्द शोधले. पण पलीकडे मुलगी टक लावून बघत होती, आणि अलीकडे बायको.

"बारीक आवाजात होतं, तेव्हा मी ऐकलं नव्हतं," तो म्हणाला. "म्हणजे... ऐकलं होतं. ऐकलं नाही असं दाखवलं होतं."

मॅडमनी टाळ्या वाजवल्या. ऐकून न ऐकणारा प्रेक्षक! त्यांनी लगेच फळ्यावर लिहून टाकलं. मुलीला वर्गात सर्वांत जास्त गुण मिळाले, त्यातले काही "पालकांच्या सहभागाबद्दल."

परतीच्या बसमध्ये तिघं एका ओळीत बसले. मग मुलगी समोर बघत म्हणाली, "रिकामी जागा?"

"गादीची जाहिरात."

"बाहेर बघणं?"

"जॅकेटवरची अक्षरं."

"पिवळा?"

"सोफा."

"बाबा, म्हणजे तू मुद्दाम असं काहीच केलं नव्हतंस?"

मोजपट्टी विचारात पडला. "त्या वाक्याचं अक्षर मोठं केलं. सकाळी निघताना कानावर पडतं तेच जागा धरायला टाकतो मी, तसं आधी नेहमीच्या मापात टाकलं होतं. मग बघितलं, तर ते... लहान वाटलं. म्हणून वाढवलं. ते मुद्दाम."

बायको खिडकीबाहेर बघायला लागली. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

"ठीक आहे," मुलगी म्हणाली. "पण गादीचं कुणाला सांगू नकोस. गुण मिळालेत मला." आणि वही बंद करताना ती बापाच्या खांद्याला टेकून बसली, बाकावर पुरेशी जागा असतानाही.

पुढच्या थांब्यावर एक अगडबंब गृहस्थ चढले आणि दांडी धरून त्यांच्यासमोर पाठमोरे उभे राहिले. पाठीवर टी-शर्ट ताणलेला, टी-शर्टवर ते वाक्य. बायकोनं ते एकदा वाचलं, मान तिरकी करून परत वाचलं.

"खाली कुणाचं नाव आहे?"

"गायिकेचं," मोजपट्टी खोल आवाजात म्हणाला.

"बारीक आहे ना?"

"मुंगीएवढं."

"मग असू दे." ती सावरून बसली, पदर नीट केला, आणि माइकचं बटण दाबायच्या आधी घसा साफ करते तसा केला. "सोमवारी कुणाची मुलाखत आहे?"

"एका तबलजीची. अगं, पण आता मी तसं काही करणार..."

"तबलजी," ती स्वतःशीच म्हणाली. "मग सकाळी जरा ठासून बोलायला हवं."