पाण्यातल्या बाभळी

रत्नागिरीला मुलीकडं गेले होते. खाडीकाठी खारफुटी वाळत चाललेली दिसली, चिखलाला कुजका वास येत होता. "समुद्र चढतोय, मुळांना हवाच मिळत नाही," मुलगी म्हणाली. त्या वासानं मला टेंभुर्णीजवळच्या आत्याची आठवण झाली.

सत्तरच्या दशकाचा शेवट होता. नव्या धरणाचं पाणी आत्याच्या शेतात चढलं होतं, असाच वास सुटला होता. भर दुपारी आम्ही दोघी काठावर उभ्या होतो. बांधावरच्या बाभळी कमरेइतक्या पाण्यात पिवळ्याधमक फुलल्या होत्या. एकही पाखरू नव्हतं. वारा पडलेला, तरी फांद्या हलत होत्या.

"आत्या, झाडं जिती हायती की."

"न्हाय गं. मुळं कवाच गुदमरल्यात. फांद्यांना अजून कळलं न्हाय."

तेव्हा मला हसू आलं होतं. खाडीवर मात्र अंगावर काटा आला.