इंजिनाला पाझर फुटला

आता सगळे जमलाच आहात आणि चहाही अजून उकळायचा आहे, तर ऐकूनच घ्या. पण एक अट आहे. मधे हसायचं नाही. हसायचं ते शेवटी, तेही बेतानं. कारण या भानगडीत एका चांगल्या मुलाचं जमत आलेलं लग्न पाण्यात जायची वेळ आली होती. पाण्यात कसलं, ऑइलमध्ये!

मी मालेगावच्या एका शाळेत प्रयोगशाळा सहायक. मेकॅनिकीचं शिक्षण शून्य. पण माझ्या गाडीला मी कधी गॅरेजचं दार दाखवलं नाही. जे शिकलो ते स्वतः, वाचून, व्हिडिओ बघून, हात भाजून. अंगणात मी विटांनी बांधून एक खड्डा करून घेतला आहे. गाडी त्यावर उभी करायची, आपण खाली उतरून आरामात उभ्यानं काम करायचं. लोक अंगणात जास्वंद लावतात, मी खड्डा लावला. माझी बायको सुनंदा पाहुण्यांना फोनवर पत्ता सांगते तो असा: "खड्ड्याचं घर इचारा, कोणीबी सांगते."

जुनी गाडी मी त्या खड्ड्यात उभा राहून इतकी वर्षं सांभाळली, की तिचा एकेक नट मला ओळख द्यायचा. ती विकून यंदा दुसरी घेतली. वापरलेलीच, पण नव्यासारखी. आणि योगायोग बघा, अगदी त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची गाडी माझ्या साडूंकडे! साडू म्हणजे भास्करराव, मंगरूळपीरचे, सुनंदाच्या थोरल्या बहिणीचे यजमान. दोन साडूंकडे एकसारखी गाडी असणं म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको.

भास्कररावांचं गाडीबाबतचं धोरण सोपं. चालते तोवर चालवायची, थांबली की गॅरेजवाल्याला फोन करायचा. मी एकदा म्हटलं, "भाऊसाहेब, कधी बॉनेट उघडून पाह्यलं काय?" तर म्हणाले, "कायले? आत इंजिनच असन ना!"

तर त्यांच्या मुलासाठी, निखिलसाठी, शिरपूर जैनची एक मुलगी सांगून आली होती. वृषाली तिचं नाव, नर्स आहे. फोटो आला, फोनवर बोलणं झालं, आणि आमचा निखिल, जो आधी दोन ठिकाणी मान खाली घालून बसला होता, तो एकदम आरशासमोर दिसायला लागला. म्हणजे पोराचं मन बसलं होतं. मुलगी पाहायला जायचा दिवस ठरला. भास्कररावांनी मुलीच्या वडलांना फोनवर ठणकावून सांगून टाकलं, "दोन गाड्या घेऊन येतो!" एक त्यांची, एक माझी. आदल्या दिवशी सकाळीच सगळी मंडळी आमच्याकडे मुक्कामाला आली.

आता सांगा, एवढं महत्त्वाचं काम, आणि मी गाडीचं ऑइल न बदलता नेईन?

दुपारी जेवणं झाली. मी गाडी खड्ड्यावर घेतली आणि घमेलं घेऊन खाली उतरलो. या गाडीखाली मी पहिल्यांदाच जात होतो. बघतो तर इंजिनखाली एक मोठा काळा पत्रा लावलेला. आणि त्याच्या बाजूला, अगदी हाताशी, एक सुबक नट. मनात म्हटलं, कंपनीनं किती विचार केलाय! पत्रा न काढता ऑइल काढायची सोय!

नट सैल केला. धार लागली. आणि काय सांगू, मी बघतच राहिलो. ऑइल म्हणजे निव्वळ मध! सोनेरी, पारदर्शक. इतकी वर्षं ऑइल काढतोय, दरवेळी डांबर निघतं. हे असं कधी पाहिलं नव्हतं.

"सुनंदा! ए सुनंदा! लवकर ये!"

ती धावत आली. तिला वाटलं मी चेंगरलो. मी खड्ड्यातून घमेलं वर धरलं.

"पाह्य! याले म्हणतात निगा!"

तिनं वाकून पाहिलं. म्हणाली, "एवढं चांगलं हाय, तं काढलं कायले?"

तेव्हाच मी थांबायला हवं होतं. पण तेवढ्यात भास्करराव बनियनवर बाहेर आले.

"दिलीपभाऊ, एवढं काय पाहून राह्यले?"

"ऑइल. तुमच्या गाडीचं कसं असन, विचार करून राह्यलो. कोळसा असन."

"काढून पाहा मंग!"

माझ्या मनात काय होतं ते उघड सांगतो. माझा मध आणि त्यांचा कोळसा शेजारी शेजारी ठेवायचा आणि सगळ्या नातेवाइकांना बोलवायचं. बस! माझी गाडी आम्ही ढकलून बाजूला घेतली, त्यांची खड्ड्यावर आणली. तोच नट, तीच जागा, खाली दुसरं घमेलं. धार लागली.

मध!

माझ्यापेक्षाही थोडा उजळ!

मी खड्ड्यात, ते वर. मान वाकवून विचारतात, "काय निंगालं?"

"ठीक हाय," मी म्हटलं.

"दाखवा तं!" पाहिलं, आणि त्या माणसाची छाती फुगली. "पाहा! आमी हात बी लावत नाई, तरी असं! तुमी उगीच खड्ड्यात राह्यता!"

माझं डोकं चालेना. ज्या माणसानं गाडीचं तोंड उघडलं नाही, त्याचं ऑइल माझ्याहून स्वच्छ? मग मी नळी-फिल्टर कायले साफ करत बसतो? शेवटी मी तोंडाला येईल ते बोललो, "मंगरूळची हवा चांगली हाय." ते म्हणाले, "थे तं हायच."

असो. दोन्ही नट घट्ट केले, आणि नवं ऑइल आणून ठेवलं होतं ते दोन्ही इंजिनांत एकेक डबा ओतलं. मग सवयीप्रमाणे ऑइल मोजायची पट्टी बाहेर काढली. ऑइल भरपूर आहे की कमी, याची खूण असते त्यावर. माझ्या गाडीत ऑइल खुणेच्या कितीतरी वर! पट्टी पुसली, पुन्हा घातली. तेवढंच. भास्कररावांच्या गाडीची काढली. तीही बुडालेली.

आणि त्याहून भयंकर म्हणजे पट्टीवरचं ऑइल काळं!

आता तुम्हीच हिशेब लावा. सोनेरी काढलं. सोनेरीच घातलं. आत मात्र काळं, आणि तेही दुप्पट. आलं कुठून?

"जुनं राह्यलं असन," निखिल म्हणाला. पोरगं इस्त्री केलेला शर्ट हँगरला घेऊन उभं होतं.

"सगळं निंगालं ना रे! धार थांबेस्तोवर धरलं मी."

"मंग इंजिन तयार करून राह्यलं काय?" भास्करराव.

हसू नका. पंधरा-वीस मिनिटं आम्ही या शक्यतेवर गंभीर चर्चा केली. पेट्रोल उतरत असेल? पाणी शिरलं असेल? पण दोन गाड्यांत, एकाच दुपारी? भास्कररावांच्या मते ही साथ होती. "तुमच्या गाडीचं माह्या गाडीले लागलं," ते म्हणाले, आणि आपली गाडी माझ्या गाडीपासून दूर घ्यावी असंही त्यांनी सुचवलं.

"जास्तीचं काढून टाकतो," म्हणत मी पुन्हा खाली उतरलो. नट उघडला. दोन थेंब पडले. बंद! वर ऑइल ओसंडायला आलंय, आणि खाली थेंब नाही! मी तार घालून ढवळलं, फुंकर मारली, नटाला दोन शब्द ऐकवले. काही नाही.

"तुंबलं," वरून कोणी विचारायच्या आधीच मी जाहीर केलं. "चालू केलं की सुटन."

भास्कररावांनी चावी फिरवली.

धूर म्हणजे किती? खड्ड्यात मला माझेच हात दिसेनात. खोकत वर आलो तर गल्ली गायब! आणि त्या पांढऱ्या-निळ्या ढगातून दारं उघडल्याचे आवाज. शेजारचे गजानन ओरडले, "अवो, डासांची फवारणी आली! दारं उघडी टाका सगळे!" समोरच्या मावशी आपल्या खिडकीतून म्हणाल्या, "इकडं बी सोडा जरा! मागच्या वेळी आमचं घर सुटलं होतं!"

 

"बंद करा! गाडी मागं घ्या आधी!" मी ओरडलो. भास्कररावांनी रिव्हर्स गिअर टाकला. आतून असा आवाज आला, जसं कोणी स्टीलच्या डब्यात गिट्टी दळतंय. ते दचकून खालीच उतरले.

"हे काय आता? ऑइल तं एवढं भरलं!"

"थे इंजिनमध्ये, भाऊसाहेब."

"गिअरमध्ये बी ऑइल असते काय?"

आता हा प्रश्न माझ्या आवडीचा! इतक्या गोंधळात पहिल्यांदा मला काहीतरी येत होतं. मी हात पुसले, घसा साफ केला.

"असते ना. पण थे वेगळं. इंजिनचं जळते, काळं पडते. गिअरचं जळत नाई. वर्षानुवर्षं तसंच राह्यते. सोनेरी, स्वच्छ, एकदम मधासार..."

तिथेच माझी जीभ थांबली.

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. निखिल हळूच म्हणाला, "मधासारखं, मावसाजी?"

मी खाली बसलो. गिअरबॉक्सचा नट! मी दोन्ही गाड्यांच्या गिअरबॉक्स कोरड्या केल्या होत्या आणि भरलेल्या इंजिनांत आणखी ऑइल ओतलं होतं. इंजिनाचा खरा नट त्या काळ्या पत्र्याच्या आत सुखानं झोपला होता. इंजिन काही तयार करत नव्हतं. तुंबलं तर काहीच नव्हतं, माझ्या डोक्याशिवाय.

"हरकत नाई," मी सावरलो. "तेच गिअर ऑइल परत टाकतो. सुनंदा, घमेली कुठं हायत?"

"रिकामी केली."

"रिकामी? कुठं?"

"मागच्या दाराच्या चौकटीले लावलं. आन् उरलं थे गोठ्याच्या वाशांले. वाळवीले ऑइल चांगलं, तुमीच तं सांगता दरवर्षी."

स्पेअर पार्टचं दुकान? मालक लग्नाला गेलेले, शटर बंद. पत्रा काढून निदान इंजिनाचं जास्तीचं ऑइल काढावं म्हटलं, तर त्याचे स्क्रू असे गंजून बसलेले, की पान्ह्यानं त्यांची डोकी गोल झाली पण ते हलले नाहीत. संध्याकाळपर्यंत दोन्ही गाड्या अंगणात उभ्या त्या उभ्या. भास्करराव माझ्याशी बोलायचे थांबले. निखिल बोलत होता, पण एकच वाक्य. "मावसाजी, उद्या पोचू ना आपण?" मला त्याच्याकडे बघवेना.

सकाळी आम्हाला वाचवलं ते गजाननभाऊंनी. रात्रभर डास नव्हते म्हणून ते माझ्यावर खूश होते. त्यांचा पिकअप सोयाबीनची पोती पोचवायला शिरपूरकडेच निघाला होता. पोत्यांवर सतरंजी टाकली, तिच्यावर पैठण्या नेसलेल्या बायका, फळांच्या करंड्या आणि मधोमध निखिल. शिरपूरला उतरलो तेव्हा त्याच्या केसांत सोयाबीनचा भुसा होता आणि माझ्या नखांत कालचं ऑइल.

मुलीचे वडील रस्त्यावर उभे. जयभीम झाले. ते आमच्या मागे कुठेतरी दूर बघत होते. "दोन गाड्या मागून येऊन राह्यल्या काय?"

"पंक्चर झाल्या," भास्करराव बोलून गेले.

"दोन्ही?"

"दोन्ही."

माणूस हो म्हणाला, पण त्याच्या चेहऱ्यावर आलेली सुरकुती मला दिसली. आत बसलो. पोहे आले. या लोकांनी गाड्यांबद्दल थाप मारली, तर नोकरीबद्दल काय सांगितलं असेल, असा विचार त्या खोलीत फिरताना मला ऐकू येत होता. वृषालीनं चहाचा ट्रे माझ्यासमोर धरला. मी कप घेतला, आणि कपावर माझी चार काळी बोटं उमटली. तिनं ती बघितली.

"काका, पंक्चर तुमीच काढलं काय?"

मी तोंड उघडायच्या आत निखिल उभा राहिला. म्हणाला, "पंक्चर झालं नाई. खोटं सांगितलं आमी." आणि त्यानं सगळं सांगितलं. मध, साथ, फवारणी, वाळवी, सगळं. "मंगरूळची हवा" इथे आल्यावर वृषालीनं ट्रे खाली ठेवला आणि पदर तोंडाला लावून अशी हसली, की आतल्या खोलीतून तिची आई बाहेर आली. निखिलही हसायला लागला. दोघंही एकमेकांकडे बघून हसत होते. मग मोठी माणसं आपोआप बाजूला झाली, आणि मी हात धुवायला गेलो. डाग निघत नव्हते, तरी धुवत राहिलो.

तासाभरानं बोलावणं आलं. मुलीचे वडील माझ्याशेजारी येऊन बसले. चेहरा गंभीर.

"पोरीले पसंत हाय. देणंघेणं काई नाई, मानपान नाई. पण तिची एक अट हाय."

सगळे सरसावून बसले. निखिलचा रंग उडाला. मी मनात म्हटलं, काय मागतील? नोकरी बदल? वेगळं घर?

ते घसा खाकरून म्हणाले, "लग्नाच्या दिवशी नवरदेवाच्या गाडीचं बॉनेट मावससासऱ्यानं उघडायचं नाई."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण "मंजूर!" हा आवाज आधीच आला होता, आणि तो माझ्या बायकोचा होता.