काष्टीला वळसा

समुद्र कधी न पाहता समुद्रावर हुकमत चालवणारा माणूस नगर जिल्ह्यात आजवर एकच होऊन गेला, आणि तो नेमका माझा मेहुणा निघाला. माझ्या पत्नीचे हे थोरले बंधू. ती त्यांना दादा म्हणायची, म्हणून मीही दादाच म्हणू लागलो. ते मला दाजी म्हणत, आणि त्या दोन अक्षरांत 'शिकलेला, पण प्रसंगी उपयोग नसलेला मनुष्य' एवढा सगळा अर्थ आरामात बसवत. मी कॉलेजात इतिहास शिकवत होतो, त्यामुळे मला प्रतिवाद करता येत नसे. दादा नगरच्या एका मिशनच्या संस्थेत होते. परदेशातले दयाळू लोक आमच्या दुष्काळी भागासाठी औषधे, दुधाची भुकटी, यंत्रे असे काहीबाही पाठवत. ते तिकडच्या कारखान्याच्या दारापासून नगरच्या गोदामापर्यंत सुखरूप आणायचे, हे दादांचे काम. कागदोपत्री ते गोदामाचे कारकून होते. पण घरच्या दारावर त्यांनी स्वतःच्या खर्चाने 'शिपिंग प्रमुख' अशी पाटी रंगवून घेतली होती, आणि तिच्या कोपऱ्यात एक बोट काढून घेतली होती. रंगाऱ्यानेही समुद्र पाहिलेला नसल्यामुळे ती बोट उसाच्या गाडीसारखी दिसे.

दादा बोटीविषयी एसटीच्या भाषेत बोलत. "बोट आफ्रिकंच्या टोकाला टेकलीय, चहापानी घेऊन निघंल," असे ते सहज सांगत. त्या वर्षांत सुवेझचा कालवा बंद होता आणि विलायतेहून येणाऱ्या बोटींना अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून यावे लागे. हा दादांना स्वतःचा अपमान वाटे. गोदामातल्या हमालाने एकदा त्यांना विचारले, "कालवा बंद हाय म्हंजी? पान्याची पाळी सुटली न्हाई व्हय?" दादांनी त्याला मध्यपूर्वेचे सगळे राजकारण एका वाक्यात समजावले, "वरच्यांची अन् खालच्यांची भांडणं हायत, कुनी दार उघडीना." मी याच विषयावर कॉलेजात एक अख्खे व्याख्यान दिले होते. ते इतके कुणाला समजले नव्हते.

भूगोलावर त्यांचा विश्वास नव्हता, सोयरिकीवर होता. 'जिथं आपला पाव्हना न्हाई तिथून माल नेऊ नये,' हे त्यांच्या शिपिंगशास्त्राचे पहिले आणि शेवटचे कलम. मुंबईच्या गोदीत कस्टममधून माल सोडवणारा क्लिअरिंग एजंट असे, पण त्याच्यावर लक्ष ठेवायला दादांचा मावसभाऊ असे. पुढे पनवेलला मामा, पुण्याला चुलत सासरे, शिरूरला आत्या. ट्रक समोरून गेला की त्या त्या पाहुण्याने एसटीच्या कंडक्टरजवळ निरोप द्यायचा, त्याने पुढच्या गाडीच्या कंडक्टरला सांगायचे, आणि शेवटी नगरच्या स्टँडवर तो निरोप दादांना मिळायचा. वाटेत निळ्या ट्रकचा हिरवा होई, ड्रायव्हरला दाढी फुटे. पण निरोप तारेच्या आधी पोचे, हे मला मान्य करावे लागते. या साखळीत एकच कच्चा दुवा होता. "विलायतंत आपलं कोन हाय?" असे म्हणून ते खिन्न होत. ही उणीव भरून काढण्यासाठी त्यांनी एका कारखान्याला पत्र पाठवून विचारले, की आमची खोकी बंदरावर नेणारा ड्रायव्हर कसा आहे, घेणारा तर नाही ना. इंग्रजी अर्थात माझे. तिकडून नम्र उत्तर आले, की तो दारूला शिवत नाही आणि रविवारी चर्चमध्ये बाजा वाजवतो. दादांनी त्या दिवशी संस्थेत पेढे वाटले.

माल आला की पहिल्या खोक्यावर ते नारळ फोडत. संस्थेचे प्रमुख पाद्रीसाहेब हे आमच्याच राहुरीकडचे. नारळ फुटेपर्यंत ते खिडकीतून बाहेर पाहत आणि फुटल्यावर खोबऱ्यासाठी हात पुढे करत. त्यामुळे संस्थेत धार्मिक सलोखा उत्तम होता.

तर त्या मोठ्या दुष्काळाच्या वर्षी दादांच्या आयुष्यातले सर्वांत महत्त्वाचे खोके आले. पाथर्डीच्या बाजूला मिशनचा एक छोटा दवाखाना होता. त्याच्या विहिरीचा तळ उघडा पडला होता. बैलगाडीवर पिपे आणून कसेबसे चालले होते, आणि आता तेही पाणी लांबले होते. तिथल्या डॉक्टरीणबाई नगरला आल्या आणि पाद्रीसाहेबांसमोर सरळ म्हणाल्या, "महिनाअखेर पाणी नाही लागलं तर मी बाळंतिणींचा वॉर्ड बंद करणार. पाण्याशिवाय बाळंतपण करणं म्हणजे बाईला मारणं आहे. दिवस भरलेल्या बायका जीपमध्ये घालून नगरला पाठवीन. पोचतील त्या पोचतील." कोपऱ्यात उभे असलेले दादा, ज्यांना कुणी काही विचारले नव्हते, म्हणाले, "बाई, बोअरचं मशीन बोटीवर चढलंय. महिन्याच्या आत तुमच्या दारात. शब्द हाय माझा." बाईंनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले आणि म्हणाल्या, "बरं." मला वाटते, त्या 'बरं'ने दादांची झोप उडवली असावी.

बोटीने आफ्रिकेला वळसा घातला, कस्टमवाल्यांनी सह्या केल्या, आणि ट्रक मुंबईहून निघाला. पनवेलचा निरोप आला. पुण्याचा आला. शिरूरचाही आला, 'ड्रायव्हर सरदारजी पोटभर जेवला, सोबत पुरणपोळ्या दिल्यात.' दादा वेशीवर नारळ घेऊन उभे. शिरूर ते नगर म्हणजे आमच्या दृष्टीने अंगण आणि ओटा. पण ट्रक काही येईना. दुसऱ्या दिवशी दुपारी तो भलत्याच, दौंडच्या रस्त्याने आला. सरदारजी खाली उतरला, ढेकर दिली आणि हात जोडून म्हणाला, "बाबूजी, आपका खानदान बहुत बड़ा है." खोकी मोजली तर एक कमी. बाकी सगळे यंत्र होते. नेमका जो हातोडा भोकात खाली उतरून काळा खडक फोडतो, तेवढाच नव्हता. तो नसेल तर उरलेल्या यंत्राचा उपयोग कपडे वाळत घालायला झाला असता.

सरदारजीकडून जे कळले ते असे. शिरूरला हात दाखवून दोघा जणांनी ट्रक थांबवला, 'तुमच्या साहेबांच्या साडूंनी बोलावलंय' म्हणून काष्टीला नेला, तिथे कोंबडी खाऊ घातली, आणि एक खोके उतरवून घेतले. वर निरोप दिला होता, 'त्यांना म्हनावं, सवता या अन् घेऊन जा.'

इथे साडूंविषयी सांगायला हवे. काष्टीचे हे बागाईतदार म्हणजे दादांच्या मेहुणीचे यजमान. मेहुणीच्या लग्नात कधी काळी दादांना फेट्याऐवजी टोपी मिळाली होती, तेव्हापासून दादांनी काष्टीची पायरी चढली नव्हती. साडूंची बाजू अशी होती, की टोपी चुकून दिली गेली होती, पण दादांनी ती भर मांडवात म्हशीच्या शिंगावर अडकवली ती चुकून नव्हे. आता या ट्रकचा सांगावा दादांनी यच्चयावत नातेवाइकांना धाडला होता, फक्त काष्टी वगळून. शिरूरच्या आत्याबाईंनी ती बातमी साडूंच्या कानावर घातली. लग्नात रुसलेला पाहुणा जसा मांडवाबाहेर जाऊन बसतो, तसा साडूंनी रुसवा धरला होता. फरक इतकाच, की रुसताना ते विलायती हातोडा घेऊन बसले होते.

पाद्रीसाहेब म्हणाले, "पोलिसांत सांगू या." दादा म्हणाले, "साहेब, रुसवा फौजदाराला निघत न्हाई." मग पायांत वहाणा घालून, मला सोबत घेऊन ते काष्टीला निघाले.

साडू पडवीत बसले होते. नेमके त्या खोक्यावर, खाली सतरंजी टाकून.

"या, या. वाट चुकला काय?" ते म्हणाले.

"खोकं न्यायला आलोय," दादा म्हणाले.

"न्याल हो. खोक्याला काय पाय हायत? बसा, पानी घ्या. आमच्या हिरीला हाय अजून."

दादांनी पाणी घेतले नाही.

"सगळ्या दुनियंला सांगावा," साडू माझ्याकडे पाहून म्हणाले, कारण ज्याच्यावर रुसलो त्याला तक्रार थेट सांगायची नाही हा रुसव्याचा नियम असतो. "पनवेलला सांगावा, शिरूरला सांगावा. ह्यांच्या हिशोबी आमचं काष्टी काय नदीत व्हावून गेल्तं?"

"काष्टी वाटंत येत न्हाई," दादाही माझ्याकडेच पाहून म्हणाले.

"असं? अन् आफ्रिका वाटंत येती व्हय? तिला अख्खी फेरी मारून बोट आली म्हनं तुमची. आफ्रिकंला वळसा चालतो, अन् काष्टीला वळसा घालायचं म्हनलं की तुमचं डिझेल सरतं!"

मी आयुष्यात पुष्कळ वादविवाद ऐकले आहेत. इतका बिनतोड मुद्दा मी पाहिलेला नाही. आतून बांगड्या वाजल्या. दादांची मेहुणी दारात येऊन उभी राहिली होती. ती म्हणाली, "भावजी, टोपी मीच आहेराच्या ताटात ठिवली हुती. फेटा मावळनीनं, आमच्या बापाच्या भैनीनं पळवला. आता बोला."

दादा बोलले. पण टोपीविषयी नाही. पहिल्यांदाच साडूंच्या तोंडाकडे पाहत ते म्हणाले, "त्या खोक्यात काय हाय ठाऊक हाय का तुमाला? पाथर्डीकडं बायका बाळंत व्हत्यात अन् हात धुवायला पानी न्हाई. ती बाई वॉर्ड बंद करनार हाय. मी तिला शब्द दिलाय. तुमाला सांगावा धाडायला पायजे हुता. चुकलं आमचं."

साडू चटका बसल्यासारखे खोक्यावरून उठले. "हे आधी सांगू ने व्हय?" ते ओरडले. खरी पंचाईत त्यांचीच झाली होती. निदान दोन-तीन तास रुसायची त्यांची तयारी होती, आणि समोरच्याने पहिल्याच फटक्यात शरणागती पत्करली होती. त्या वैतागात त्यांनी गड्यांना शिव्या घातल्या, गावातल्या एकाची जीप काढायला लावली, खोके चढवले, आणि स्वतः खोक्याशेजारी बसले. "आता मी पोचवनार," ते म्हणाले. "तुमच्या भरवशावर न्हाई. तुमी कुनाकुनाकडं जेवत बसाल!" दादा पुढे बसले होते. ते हसले, पण मागे वळून नाही.

हातोडा दवाखान्याच्या आवारात उतरला तेव्हा महिना संपत आला होता. डॉक्टरीणबाईंनी सामान बांधायला घेतले होते. यंत्र चालू झाले, आणि दोन दिवस भोकातून नुसती खडकाची पांढरी भुकटी उडत होती. दादा आणि साडू एका बाभळीखाली पाठीला पाठ लावून बसलेले. भुकटी उडाली की दोघेही एकाच वेळी मान खाली घालत. तिसऱ्या दिवशी दुपारी भुकटीचा रंग काळवंडला, मग चिखल आला, मग पाणी. साडूंनी दादांना मिठी मारली आणि लगेच, आपण काय केले हे ध्यानात येऊन, मलाही मारली.

पंप बसल्यावर समारंभ झाला. तालुक्याचे एक पुढारी आले, त्यांच्या मागून हार आले, आणि हारांच्या मागून भाषण आले. खडकात पाणी आपल्याच पाठपुराव्यामुळे आले असे त्यांनी सांगितले, आणि खडकाला बोलता येत नसल्यामुळे ते टिकले. भाषणात विलायतेचे आभार झाले, पाद्रीसाहेबांचे झाले, मंडप घालणाऱ्याचेही झाले. आता दादांचे नाव येईल, आता येईल, म्हणून मी पाटीवरच्या त्या 'शिपिंग प्रमुखा'ला गर्दीत शोधत होतो. एरवी असल्या जागी पहिल्या रांगेची खुर्ची ते आदल्या दिवशी रुमाल टाकून धरून ठेवत. पण खुर्चीवर साडू बसले होते, आणि शेजारची खुर्ची रिकामी होती.

मी उठून मागे गेलो. वॉर्डाच्या मागच्या बाजूला, उन्हात, एक नर्सबाई पायांवर तान्हे मूल पालथे घेऊन न्हाऊ घालत होत्या. बादली भरलेली, शेजारी दुसरी भरलेली. मूल जीव खाऊन रडत होते. दादा भिंतीला टेकून, चपला काढून, देवळात उभे राहावे तसे उभे होते. त्या वर्षी आम्ही सगळे तांब्याभर पाण्यात अंघोळ उरकत होतो. पाणी सांडताना पाहिले की हात आपोआप पुढे व्हायचा. नर्सबाईंनी तांब्या बुडवला आणि बाळाच्या पाठीवर सोडला. पाणी जमिनीवरून वाहत दादांच्या पायांपर्यंत आले.

"बाई, जरा हात आखडून," दादा सवयीने म्हणाले.

नर्सबाई थांबल्या. तांब्या तसाच वर धरलेला. दादांनी पायांखालच्या ओल्या मातीकडे पाहिले, मग बादल्यांकडे.

"न्हाई, न्हाई," ते हळूच म्हणाले. "वता. आता हाय."