आईच्या खोलीत एकच काडी

आमच्या धंद्यात किस्से जमवावे लागत नाहीत, स्कूटरच्या डिकीत आपोआप साचत जातात. पक्कड, वायरचं भेंडोळं, दोन-चार कनेक्टर आणि त्यांच्या खाली कोणाच्या तरी घरातला एखादा किस्सा! संध्याकाळी ऑफिसखालच्या टपरीवर मी आणि रईस चहा घेतो, तेव्हा डिकी रिकामी करतो. आजूबाजूचे लोक पोट धरून हसतात. हसण्यासारखं त्यात फार काही नसतं, पण ते आम्हा दोघांनाच माहीत असतं.

मी तायडे. अकोल्यात एका इंटरनेट कंपनीत बारा वर्षांपासून घरोघरी जाऊन वायफाय दुरुस्त करतो. रईसही तेच करतो. तक्रार एकच असते: हॉलमध्ये सिग्नल आहे, आतल्या खोलीत नाही. उपायही बहुतेक वेळा एकच असतो: राउटर उचला आणि घराच्या मधोमध, उंचावर, उघड्यावर ठेवा. पाच मिनिटांचं काम. पण ते झालं असं कंपनी आमच्या तोंडून ऐकत नाही. गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर चार आकडी 'हॅपी कोड' येतो. त्याचं समाधान झालं की तो कोड आम्हाला सांगतो, आम्ही ॲपमध्ये टाकतो आणि तक्रार बंद होते. कोड नाही मिळाला तर तक्रार उघडी. मग तुम्ही त्या घरात सिग्नलचा पूर आणा!

यंदा एप्रिल संपताना साहेबांनी आम्हाला दोघांना बोलावलं.

"धारणीले ऑफिस उघडून राहिलो. इथला एक मानूस तिकडं लागते. मे महिना सरता सरता ज्याच्या नावावर जास्त तक्रारी उघड्या, तो जाईन. माह्या हातात काही नाई, ॲप ठरवते."

धारणी म्हणजे पार मेळघाटात. अकोल्याहून जाऊन-येऊन नोकरी होत नाही, तिथंच राहावं लागतं. रईसच्या सात वर्षांच्या सानियाला ऐकू येत नाही, ती इथं कर्णबधिर मुलांच्या शाळेत जाते आणि नुकती कुठं हातांनी बोलायला लागली आहे. धारणीत तसली शाळा नाही. माझ्या आईला दोन वर्षांपूर्वी लकवा झाला. सकाळी तिला उचलून खुर्चीत बसवायचं, संध्याकाळी उचलून खाटेवर ठेवायचं, हे माझं काम. संगीतानं, म्हणजे माझ्या बायकोनं, एकदा एकटीनं उचललं तर आठ दिवस तिची कंबर धरली होती.

बाहेर आल्यावर रईस म्हणाला, "तायडेभाऊ, आता आपलं दोघाईचं नशीब लोकाईच्या जिभेवर!"

आम्ही दोघंही हसलो. पुढच्या महिनाभरासाठी ते शेवटचं मोकळं हसणं.

*

मेची पहिली तक्रार बाळापूरची. एक काका, दुमजली घर, सिग्नल कुठंच धड नाही. वरच्या मजल्यासाठी कंपनीनं आधीच एक छोटा जादा राउटर पाठवला होता, सिग्नल पकडून पुढं फेकणारा. तो डब्यातच होता. मुख्य राउटर शोधायला मला दहा मिनिटं लागली. लोखंडी कूलरच्या तोंडाला तो सुतळीनं बांधलेला होता, थेट वाऱ्याच्या झोतात! मागं पत्रा, पत्र्यात टाकीभर पाणी, सिग्नल जाणार कुठून?

"काका, हा इथं काहून बांधला?"

"हात लावून पाह्य, कसा तापते तो! मानसाले कूलर, मंग त्याले काहून नाई?"

मी राउटर सोडवला आणि जिन्याच्या कोनाड्यात ठेवला. खाली-वर दोन्हीकडं सिग्नल भरून आला. काकांनी कोड दिला, आणि तो जादा राउटरचा सीलबंद डबाही माझ्या हातात ठेवला. "जे लागत नाई ते घरात ठिवत नाई मी." मी डबा डिकीत टाकला.

आठ दिवसांनी शेजारच्या घरी गेलो होतो, सहज डोकावलो. कोनाड्यातल्या राउटरसमोर टेबलफॅन लावलेला होता आणि काका घामाघूम होऊन पुठ्ठ्यानं वारा घेत बसले होते!

*

रईसच्या वाट्याला एक वास्तुशास्त्रवालं घर आलं. वीज म्हणजे अग्नी, म्हणून राउटर आग्नेय कोपऱ्यात, असं त्यांना कोणीतरी सांगितलेलं. आग्नेय कोपऱ्यात स्वयंपाकघर. तिथं फ्रिजच्या मागं, स्टीलच्या मांडणीच्या बगलेत राउटर. रईसनं तो हॉलमध्ये आणला, सगळीकडं सिग्नल आला, घरमालकांनी हात जोडले, कोड दिला. दुसऱ्या दिवशी नवी तक्रार. राउटर पुन्हा फ्रिजमागं! असं तीनदा झालं.

चौथ्यांदा रईसनं राउटरला हातच लावला नाही. म्हणाला, "काकाजी, राउटर नाई हालत, त मंग तुमीच हाला."

आणि ते हलले की! सून ओट्याशी, पोरं फरशीवर, घरमालक गॅससमोर स्टुलावर, सगळ्यांचं नेट जोरात. ते घरूनच कुठल्याशा औषध कंपनीचं काम बघत. त्यांनी आनंदानं कोड दिला आणि वर सांगितलं, "मीटिंगमधी साहेब विचारते, कुकरची शिट्टी कुठून येऊन राहिली? मी म्हनतो, सर, फील्डवर हावो!"

*

मध्येच आम्हाला अमरावतीच्या मोठ्या ऑफिसात ट्रेनिंगला बोलावलं. विषय: घरातल्या सिग्नलची ताकद आणि व्याप्ती कशी वाढवावी. पुण्याहून एक तरुण ट्रेनर आले होते. राउटर जमिनीवर ठेवू नका, कपाटात ठेवू नका, आरसा, धातू, पाणी यांपासून दूर ठेवा. बारा वर्षं आम्ही जे लोकांना सांगतो, तेच आम्हाला रंगीत चित्रांतून कळलं. मग व्हिडिओ दाखवायचा होता, आणि व्हिडिओ काही सुरू होईना. हॉलमध्ये वायफायच येत नव्हतं!

कंपनीचे वीस टेक्निशियन एकमेकांकडं बघत बसले. शेवटी मी माझ्या मोबाइलचा हॉटस्पॉट लावून दिला, तेव्हा आम्हाला सिग्नल वाढवण्याचा व्हिडिओ दिसला.

शेवटी रईसनं हात वर केला. "सर, हे सारं ठीक हाये. पन मातीच्या जाड भिती असल्या त छोटा दुसरा राउटर लागतेच. होळीपासून स्टोअरमधी एक नाई."

"मागणी वर पाठवली आहे," ट्रेनर म्हणाले.

परतीच्या एसटीत रईस खिडकीबाहेर बघत बसला होता. बडनेरा गेल्यावर म्हणाला, "वर म्हंजे कुठी रे भाऊ? आपल्या वरतं त निस्तं ऊन हाये."

*

माझा महिना एका शाळेच्या बाईंनी बुडवला. त्यांचा मुलगा बारावीत. त्यानं मोबाइल बघू नये म्हणून बाईंनी राउटर लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलेलं, वायर फटीतून आत. आणि तक्रार अशी की शाळेची माहिती ऑनलाइन भरताना सिग्नल येत नाही!

"मॅडम, कपाटाबाहेर काढा."

"काढला त पोरगा पाह्यन."

"मग कपाटात सिग्नल नाही येणार."

"असं कसं? माह्यापुरता आना ना!"

मी तासभर डोकं खाजवलं. शेवटी तोडगा निघाला: बाई शाळेचं काम करताना कपाटाचं दार उघडं ठेवतील आणि दारासमोर खुर्ची टाकून बसतील. दार उघडून पाहिलं, सिग्नल आला. मी मोबाइल पुढं करून कोड मागितला.

"सात, चार," बाई म्हणाल्या आणि थांबल्या.

"पुढचे दोन?"

"अर्धं काम, अर्धा कोड!"

मी तिथं उभ्यानं रडायचा बाकी राहिलो. पुढच्या आठवड्यात गेलो तर दाराला कुलूप, बाई सुट्टीत माहेरी अंजनगावला. माझ्या नावावर एक तक्रार उघडी राहिली ती राहिलीच.

*

आता आमच्याच घराचं ऐका.

आम्ही भाड्यानं राहतो. पुढच्या खोलीत राउटर, मग छोटं अंगण, अंगणापलीकडं आईची खोली. तिच्या भिंती पांढऱ्या मातीच्या, हातभर जाड. तिथं सिग्नलची एकच काडी दिसते, तीही मधूनच. वायर न्यायची तर भिंतीला भोक पाडावं लागतं आणि घरमालक खिळासुद्धा ठोकू देत नाही. संगीता एका क्लाससाठी मुलांचे पेपर ऑनलाइन तपासते. आईला एकटं सोडता येत नाही, म्हणून ती आईच्या खोलीच्या उंबऱ्यात लॅपटॉप घेऊन बसते, अर्धी आत, अर्धी उन्हात. "पुढल्या हप्त्यात करून देतो" असं मी तिला वर्षभर सांगत आलो होतो.

मेच्या सुरुवातीला तिनं मला न सांगता कंपनीत तक्रार नोंदवली. चार दिवस कोणी फिरकलं नाही म्हणून आणखी एक नोंदवली. स्वतःच्या घरची तक्रार स्वतःला मिळत नाही असा नियम आहे. दोन्ही रईसच्या नावावर गेल्या!

रईस तीनदा येऊन गेला. राउटर खिडकीत ठेवून पाहिला, अंगणातल्या दोरीला टांगून पाहिला, चॅनेल बदलून पाहिला. काडी एकच. आई खुर्चीतून सगळं बघत होती. तिची जीभ जड झाली आहे, पण चालते.

"दोन-दोन वायफायचे डॉक्टर घरात, अन् पेशंट तसाच!"

रईस हसला, मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "तायडेभाऊ, एखादा दुसरा राउटर, जुनापाना, तुह्यापाशी असन त पाह्य ना."

बाळापूरचा सीलबंद डबा माझ्या डिकीत होता. पुढच्या खोलीच्या अंगणाकडच्या दारात लावला असता तर पाच मिनिटांत खोलीत सिग्नल भरला असता. संगीता सावलीत बसली असती, रईसच्या दोन्ही तक्रारी मिटल्या असत्या, आणि माझी एक उघडी असल्यामुळं धारणीला मी गेलो असतो.

"नाई ना भाऊ," मी म्हणालो, "स्टोअरमधीच नाई त माह्यापाशी कुठून?"

त्यानं मान हलवली. बारा वर्षांत मी रईसशी खोटं बोललो नव्हतो. मला माझी किळस आली. तरी मी डिकी उघडली नाही. रोज सकाळी आईला उचलताना मनात म्हणायचो, हिच्यासाठी करतो आहे. रोज दुपारी संगीता उंबऱ्यात उन्हात दिसली की तेही म्हणता यायचं नाही.

महिन्याचा शेवटचा दिवस आला. माझी एक उघडी, रईसच्या दोन. धारणीचा हा हिशेब संगीतालाही ठाऊक होता. सकाळी आईची औषधं आणायला संगीता माझी स्कूटर घेऊन गेली. दुपारी रईस आला. या वेळी त्यानं पिशवीसुद्धा आणली नव्हती. अंगणात उभा राहूनच बोलला.

"भाभी, काम त झालं नाई. चहा प्यायले आलो फक्त."

संगीतानं चहा दिला. सानिया कशी आहे विचारलं. रईसनं लेकीनं शिकवलेली खूण हातानं करून दाखवली, 'अब्बा, घरी या' अशी. संगीतानं ती दोनदा करवून घेतली. आईनंही चांगल्या हातानं करून पाहिली.

मग संगीता मोबाइल घेऊन आली. "रईसभाऊ, लिहा. तीन, शून्य, आठ, एक."

"भाभी, सिग्नल कुठी आला? कोड कायचा देता?"

"दुसऱ्या तक्रारीचा घ्या. नऊ, नऊ, दोन, पाच. टाका ना ॲपमधी."

रईसनं माझ्याकडं पाहिलं. मी आईच्या खिडकीतल्या कूलरकडं पाहत होतो. शेवटी संगीतानंच त्याचा मोबाइल घेतला आणि आईच्या उंबऱ्यात उभी राहून दोन्ही कोड टाकले. आईच्या खोलीत तेव्हाही एकच काडी होती, म्हणून ॲपला ते कळायला बराच वेळ लागला.

रईस गेल्यावर मी आत आलो. पलंगावर माझी बॅग भरून ठेवलेली होती. चार शर्ट, टॉवेल, मच्छरदाणी. सगळ्यात वर बाळापूरचा तो डबा, सील तसंच.

आईला खाटेवर ठेवायची वेळ झाली होती; संगीता तिला उचलण्यासाठी स्वतःच्या कमरेला पट्टा आवळत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "तिकडं कोनाले तरी लागन. लावून देजा."