आधी केस विंचरू दे

शालनताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी इंदापुरात एका हळदीचं शूटिंग करत होतो. नवरदेवाच्या आत्या माझ्यावर करवादत होत्या, की आमचा एक फोटो धड येईना, आणि फोनवर बारामतीहून ताईचा भाचा सांगत होता, "बापूकाका, मावशी गेली. सकाळी चहा मागितला, प्यायली, आणि…" मी फोन खिशात टाकला, आत्याबाईंना ओळीत उभं केलं आणि हसवलं. काम अर्धं टाकून रडत बसलो असतो तर ताईनं वरून शिव्या घातल्या असत्या. रडलो नंतर, गाडीत, मनसोक्त.

याला आता सव्वा महिना झाला. ताई बारामतीची, टीव्हीसाठी माहितीपट करायची. मी लग्नाचा फोटोवाला, तिच्याहून लहान, आणि तरी कॅमेरा तिनं माझ्याच हातात दिला. पुण्याचे नावाजलेले लोक सोडून मी का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "माणसं चांगली दिसावीत याची तुला सवय आहे. त्यांना नाही." तिचा राग दुधासारखा, बघता बघता वर यायचा. पण कुणाचंही शूटिंग असो, पिशवीतून फणी आणि छोटा आरसा काढून आधी त्या माणसासमोर आरसा स्वतः धरून उभी राहायची. "आधी केस विंचरू दे, मग कॅमेरा." मी वैतागायचो, ऊन जातंय म्हणून. गेलं तर जाऊ दे म्हणायची.

तिनं कित्येक वर्षं चपला झिजवून एक मालिका मंजूर करून घेतली होती. निरवांगी गावाच्या अलीकडे माळावर पारध्यांची वस्ती आहे, तिथल्या गजराआजीच्या घराचं वर्षभराचं जगणं दाखवायचं होतं. आदिवासी माणूस बातमीत दिसतो, घरात दिसत नाही, हे तिचं जुनं दुखणं. पहिल्या दिवशी आम्ही पोहोचलो तर काय… सुनांनी भिंती पांढऱ्या मातीनं सारवलेल्या, पोरींच्या वेण्यांना लाल रिबिनी, थोरल्या लेकाचा शर्ट इस्त्रीचा आणि खिशाला पेन. आजी हिरव्यागार साडीत खाटेवर बसलेली, देवाला बसवावं तशी. चॅनेलचे एक साहेब सोबत आले होते. ते गाडीतून उतरले आणि त्यांचं तोंड पडलं. "हे लोक आदिवासी वाटतच नाहीत," म्हणाले. "रोजचे कपडे घालायला सांगा. असलं असेल तर मालिका होणार नाही."

आजीनं ऐकलं. आवाज न चढवता म्हणाली, "सायेब, तुमच्या घरी फोटुवाला आला तर तुमी फाटकं नेसून बसता व्हय? पोलीस येऊन फोटु काढायचं तवा कुणी इचारलं न्हाय, आजी, साडी बदलतीस का म्हणून. आज पाव्हणं आमी बोलावल्यात."

साहेब मोबाइलमध्ये बघू लागले. मी ताईकडे बघत होतो. तिची सगळी धडपड त्या एका साडीवर येऊन अडली होती. ती साहेबांना म्हणाली, "मालिका गेली तर गेली. आजी साडी बदलणार नाही." मग माझ्याकडे वळली, "बापू, लाव कॅमेरा. आधी आरशापासून."

म्हणून ती मालिका आरशापासून सुरू होते. एकेक जण येतो, भांग पाडतो, कॉलर नीट करतो, आजी लेकाला दटावते, "पेन सरळ लाव, मास्तर दिसशील." साहेब निघून गेले. मालिका दाखवणार की नाही हे माहीत नसताना आम्ही शूटिंग करत राहिलो. कोंबडीवरून सुनांची भांडणं, नातीची परीक्षा, आजोबांचं रुसणं… शेवटी चॅनेलच्या वरच्या कुणा अधिकाऱ्यानं ते पाहिलं आणि जसंच्या तसं लावायला सांगितलं. काय सांगू, ताई त्या दिवशी बारामतीच्या स्टँडवर मोठ्यानं गात होती आणि लोक बघत होते.

पहिला भाग गावानं निरवांगीच्या शाळेच्या भिंतीवर चादर बांधून पाहिला. ज्या गावात वस्तीतल्या माणसाला हॉटेलात बाकावर बसायची चोरी होती, तिथं गजराआजी पुढच्या खुर्चीत बसली. मग पेनाची गोष्ट आली आणि बायका खदखदून हसल्या. असली आई प्रत्येकाच्या घरात होतीच की. संपल्यावर बागायतदारांच्या एक काकू आजीजवळ आल्या आणि साडीचा पदर हातात घेऊन म्हणाल्या, "गजराबाई, कुठनं घेतली गं?"

"बारामतीतनं. येतीस का फुडल्या बारीला?"

दोघी खरंच गेल्या. ताईला मिळालेलं सगळ्यांत मोठं बक्षीस हेच, असं मी मानतो. ती स्वतः तसंच म्हणायची.

परवा ताईच्या शोकसभेसाठी आजीचे दोन शब्द घ्यायला वस्तीवर गेलो. आजी चुलीपुढं बसली होती, डोळे सुजलेले. मी कॅमेरा काढला तर तिनं हात आडवा केला. "असल्या तोंडाचा फोटु तिनं काढू दिला आस्ता व्हय?" उठली, आत गेली, तीच हिरवी साडी नेसून आली. ताईची पिशवी आता माझ्याकडं असते. मी तिच्यातली फणी आजीच्या हातात दिली आणि आरसा धरून समोर उभा राहिलो. डोळे पुसायला मी एक हात सोडवला आणि आरसा कलला.

"हलू नगंस," आजी म्हणाली, "भांग वाकडा पडंल."

मी आरसा पुन्हा दोन्ही हातांनी घट्ट धरला. आजीनं भांग पाडला, आरशात एकदा नीट पाहिलं, आणि म्हणाली, "हां. आता लाव."