रिकामा कोंडवाडा

मंद्रूपकडचं एक कुरण जंगल खात्याकडून आमच्या महसूल खात्याकडे आलं, तेव्हा ते ताब्यात घ्यायला मामलेदारांनी मला पाठवलं. मी नवा कारकून, नोकरी अजून कायम व्हायची होती. जंगल खात्याच्या राखणदाराने बाभळीखाली यादी पुढे केली. नकाशा, हद्दीचे दगड आणि शेवटी ‘कोंडवाडा एक, रिकामा, कुलूपकिल्लीसह’. ऊन मी म्हणत होतं. मी सही ठोकली आणि किल्ली कोटाच्या खिशात टाकली. तो रामराम करून चालता झाला.

कोंडवाड्यापाशी गेलो तर आत मेंढरं ओरडत होती. यादी आठवड्यापूर्वीची होती. परवान्याशिवाय चरणारी मेंढरं त्या गड्याने आदल्या संध्याकाळीच आत घातली होती आणि मला सांगायचं सोयीस्कर विसरला होता.

दारात त्यांची मालकीण उभी होती, एक धनगरीण. “भाऊसाहेब, पिलं तळावर डालग्याखाली हायती. कालधरनं दुदाचा थेंब न्हाय त्यास्नी. दार काडा की.”

हुकमाशिवाय दार काढलं आणि कचेरीत कळलं, तर नोकरी कायम व्हायची राहिली असती. “किल्ली साहेबांकडे आहे, मावशी,” मी म्हणालो.

शिपायाबरोबर सोलापूरला चिठ्ठी धाडली. उत्तर आलं की यादीप्रमाणे कोंडवाडा रिकामा आहे, तेव्हा कोणती जनावरं सोडायची याचा खुलासा करावा. जंगल खातं म्हणालं, कुरण आता तुमचं, तुम्हीच बघा. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना! चावडीत पडल्या पडल्या मला ते ओरडणं ऐकू येई आणि मी कानावर उपरणं ओढून घेई.

दुसऱ्या दिवशी ती पदरात पिलं घेऊन आली. “भितीवरनं आत तरी सोडू द्या. पितील तितंच.” मी हुकमाशिवाय तेही नको म्हणालो. तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ती नुसती भिंतीला टेकून बसली, आणि मला तिचाच राग आला. भित्रा होतो मी, दुसरं काही नाही.

मी खुलासा धाडला, तेव्हा तिसऱ्या दिवशी मेंढरं सोडण्याचा हुकूम आला. मी खिशातून किल्ली काढून कुलूप उघडलं. मेंढ्या धक्काबुक्की करत तळाकडे पळाल्या. ती गेली नाही. तिच्या पदरातल्या पिलाची मान खाली लोंबत होती.

“किल्ली तुमच्या खिशातच व्हती व्हय, भाऊसाहेब?” ती म्हणाली.

त्याच महिन्यात मला नोकरीत कायम केलं.