कोहेऊसाहेबांची चाल

“खिडक्या उघडू नका रे, बसा खाली! कोहेऊ वाजतोय अजून!” हरेश्वर ओरडत होता, आणि मालाडच्या त्या शाळेच्या हॉलमधली सगळी जनता चपला शोधत उठली होती. पडद्यावर परदेशी लिपीतला एकच मोठा शब्द थरथरत होता, प्रोजेक्टरवाल्याने आवाज बंद केला होता, आणि हा मढचा ताडमाड कोळी क्लॅरोनेट काखेत मारून बाकावर उभा. बाक त्या दिवशी मोडलं. मी हे सांगताना नेहमी तीन बाकं म्हणतो.

हरेश्वर गेल्या महिन्यात गेला. त्याचा पुतण्या दारात उभा राहून निरोप सांगत होता आणि माझ्या कानात मात्र हा आरडाओरडा चालला होता... तेव्हापासून भेटेल तो म्हणतो, सदा, हरेश्वरचे किस्से सांग ना. सांगतो, पण दम लागतो. थाप मारायची तर समोर “खोटा बोलतंस रे” म्हणणारा माणूस लागतो. तो असताना मी त्याला मगरीशी लढवलं होतं. आता समुद्रातल्या साध्या लाटेवर आणून सोडतो.

साठच्या दशकात आमचं मित्रमंडळ दर महिन्याला एका रविवारी रशियन कार्टूनं दाखवायचं. रिळं फुकट मिळायची, म्हणून. खिडक्यांना घोंगड्या बांधून भरदुपारी अंधार करायचा, आणि रशियन कुणाला कळत नसल्यामुळे मी भोंगा घेऊन मराठीत गोष्ट सांगायची. रशियन अस्वलाला मी रेशनच्या रांगेत उभं केलं, कोल्ह्याला चाळीचा सेक्रेटरी केला. लोक हसून लोळायचे. हरेश्वर तेवढा तोंड पाडून बसायचा. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवणारा माणूस, तो चित्रांसाठी यायचाच नाही. “तुज्या बडबडीत बासरी बुडली,” म्हणायचा. “बर्फ पडताना ती वाजते. प्रत्येक कणाला वेगळा सूर हाय. आपल्या सिनेमात बर्फ पडला तर शंभर व्हायोलिनं पडतात रे अंगावर.”

आणि हे सगळं करणारा कोण, तर कोहेऊ. प्रत्येक रिळाच्या शेवटी तो एकच शब्द यायचा. के, ओ, एच, ई आणि यूसारखं एक शेपटीवालं अक्षर. हरेश्वर मढच्या मिशनच्या शाळेत एबीसीडी शिकलेला. त्याने छातीठोकपणे लावलं, कोहेऊ, संगीतकार. मी म्हटलं, संगीतकाराचं नाव सुरुवातीला येतं. तर म्हणाला, “आपल्याकडे. वरातीत नवरा शेवटी येतो ना, तसा तिकडे तो येतो. बघ, तो आला की बाजा कसा भरून येतो.” महिन्याभरात अख्खं मंडळ कोहेऊसाहेब म्हणू लागलं. मी तर त्यांना दोन बायका आणि दमा दिला.

मग घोड्याचं रीळ आलं. एक म्हातारा घोडा बर्फातून एकटा घरी निघालाय, एवढीच गोष्ट. गळ्यात घंटा, आणि त्या घंटेला धरून क्लॅरोनेटसारखं एकच वाद्य. मी त्याला वाकोल्याचा टांगेवाला सोडून पळालेला घोडा करणार होतो, पण हरेश्वरने भोंगा काढून घेतला. “त्याला चालू दे गप.” करड्या रंगातून तो घोडा चालत राहिला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला बोलावंसं वाटलं नाही. शेवटी तो घराच्या दाराशी येतो, ठोठावायला पाय उचलतो... आणि कोहेऊ. लोक उठले, आवाज बंद, आणि ते बाक.

ती चाल हरेश्वर मढच्या हळदीत वाजवू लागला. बायका झकास ठेका धरून नाचायच्या, चाल वर चढायची, आणि जिथे घोडा पाय उचलतो तिथे हा गडी क्लॅरोनेट खाली घ्यायचा. नाचणाऱ्यांचे पाय हवेत. बँडमास्तर खवळायचा. “पुरं कर, नायतर दुसरा माणूस बघतो.” हरेश्वरचं एकच उत्तर, “फुडचं ऐकलेलं नाय. कोहेऊसाहेबांचा शेवट मी कसा लावू?” त्याच्या घरी खाणारी पाच तोंडं होती, आणि बँड गेला तर भावाच्या होडीवर जाण्यावाचून मार्ग नव्हता. बोट त्याला लागायची, उलट्या व्हायच्या. कोळी असून.

लग्नसराईच्या तोंडावर एक रशियन पाहुणा स्वतः रिळं घेऊन आला, त्यात घोड्याचंही होतं. त्याचं इंग्रजी माझ्याइतकंच वाईट, म्हणून आमचं छान जमलं. हरेश्वरने दाराला कडी लावली, प्रोजेक्टरवाल्याशेजारी उभा राहिला, आणि कुणी उठलं नाही. घोडा आला. पाय उचलला. शब्द आला. चाल तिथेच थांबली. नंतर नुसती फिल्मची खरखर आणि पांढरा पडदा... हरेश्वर बघत राहिला. मी पाहुण्याला विचारलं, हे कोहेऊसाहेब पुढे काही वाजवत नाहीत का? तो गोंधळला, मग हसून त्याने आम्हा दोघांना सांगितलं, तो शब्द म्हणजे ‘समाप्त’.

मी तसाच बँडमास्तरकडे गेलो. सगळी कला पणाला लावली. म्हटलं, रशियात राजेरजवाडे या चालीवर एक पाय वर करून उभे राहतात, शेवट असाच आहे, हरेश्वरचं काही चुकलेलं नाही. मास्तर पितळी तुतारी पुसत होता. “रशियात ऱ्हा म्हणावं मग,” म्हणाला. “इथे हळदीत पाय खाली यायला लागतो.” त्याने दुसरा माणूस ठरवलेलाच होता.

मढला गेलो तेव्हा हरेश्वर भावाचं जाळं सोडवत बसला होता. मी खूप फिरवून सांगितलं. गोष्टीत मास्तरला रडवलं, माफी मागायला लावली, तरी शेवटी बँड सुटल्याचं सांगावंच लागलं. त्याने “खोटा बोलतंस” म्हटलं नाही. जाळ्याची गाठ दातात धरून सोडवली.

“पण मी बरोबर जागी थांबत होतो ना?”

“हो.”

“मग झालं.”